नेमून दिलेली जागा : लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेत एका दिवंगत कर्तृत्ववान व्यक्तीचे चरित्र द्यावे, असा परिपाठ आहे. समाजसुधारकांची आणि शिक्षणप्रसारकांची चरित्रे आपण आवडीने वाचत आलो आहोत. यंदा आम्ही एका सैनिकाची निवड केली आहे, आणि हा सैनिक देशाच्या क्रिकेट संघाचा कर्णधारही होता. निवडीमागचे कारण अगदी साधे आहे. आपल्या वसतिगृहातील मुले पहाटे उठून मैदानावर धावू लागतात तेव्हा काहींच्या डोळ्यांसमोर सैन्यभरती असते, तर काहींच्या डोळ्यांसमोर जिल्ह्याचा किंवा राज्याचा संघ असतो. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या खेड्यापाड्यांतून मुलांना भेटायला येणारे पालक मात्र आम्हांला वेगळेच विचारतात. खेळण्यात गेलेला वेळ पोराच्या कोणत्या कामाला येणार, हा त्यांचा प्रश्न असतो. ज्यांनी शेतात राबून, ऊसतोडीला जाऊन मुलांना येथे पाठविले, त्यांचा हा प्रश्न टाळून चालणार नाही. लेफ्टनंट कर्नल हेमचंद्र रामचंद्र अधिकारी यांचे आयुष्य या प्रश्नाचे उत्तर देते, असे आम्हांला वाटते.

सैन्य आणि खेळ यांचे नाते आपल्या देशात जुने आहे. सिमल्याची ड्युरँड फुटबॉल स्पर्धा १८८८ साली सुरू झाली, मुंबईची रोव्हर्स स्पर्धा १८९१ साली. दोन्ही स्पर्धांवर आरंभीची कित्येक वर्षे गोऱ्या पलटणींच्याच संघांचे वर्चस्व होते. ड्युरँड करंडक प्रथमच एका भारतीय संघाच्या हाती आला तो १९४० साली, आणि तो संघ होता कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग. छावणी जेथे, तेथे मैदान. आणि मैदान जेथे, तेथे हौसेने पाहणारी आसपासच्या वस्तीतील मुले, असा तो काळ होता. पाहणाऱ्यांतून खेळणारे निर्माण व्हायला अर्थातच वेळ लागला.

पुण्याची छावणी याला अपवाद नव्हती. अधिकारी यांचा जन्म ज्या पुण्यात झाला, त्याच पुण्यात त्याआधी काही वर्षे पळवणकर बाळू नावाचा एक चर्मकार तरुण युरोपीयांच्या जिमखान्यावर खेळपट्टी झाडण्याचे, तिच्यावर रूळ फिरविण्याचे काम करीत असे. पुढे त्याला साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करण्याची मुभा मिळाली. कॅप्टन ग्रेग यांच्यासारख्या नामांकित फलंदाजाला त्याने तासन्‌तास चेंडू टाकले. परंतु बॅट हातात घेण्याचा मान त्याला तेथे मिळाला नाही. भारतीयांच्या क्लबात त्याला प्रवेश मिळाला तेव्हा मैदानावर तो सर्वांच्या बरोबरीचा होता, आणि चहाच्या वेळी त्याचा मातीचा पेला तंबूबाहेर वेगळा ठेवलेला असे. हाच बाळू १९११ साली भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी मिळवून परतला. त्याला संघाचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचा कर्णधार झाला, तेव्हा कोठे त्या अन्यायाची थोडी भरपाई झाली.

अधिकारींच्या चरित्रात बाळूंची ही आठवण आम्ही मुद्दाम आणली आहे. जन्मावरून माणसाला जागा नेमून देणारी व्यवस्था आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगली आणि ती जागा त्यांनी नाकारली. त्यामुळे जो तो आपल्या नेमून दिलेल्या जागी उभा राहो, हे वाक्य आपल्या कानांना सहजासहजी रुचणारे नाही, आणि रुचू नयेच. पण दुसरीही एक जागा असते. ती आपण स्वतः होकार देऊन स्वीकारतो, आणि एकदा स्वीकारली की कितीही कठीण वेळ आली तरी सोडत नाही. सैनिकाचे ठाणे ही अशी जागा असते. क्षेत्ररक्षकाची जागाही अशीच असते. या दोन जागांतील भेद समजून घ्यावा, म्हणूनच हे चरित्र.

हेमू अधिकारी यांचा जन्म ३१ जुलै १९१९ रोजी पुण्यात झाला. वयाच्या सतराव्या वर्षी, १९३६-३७ च्या हंगामात, ते गुजरातकडून प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळू लागले. त्यानंतर बडोद्याच्या संघात त्यांचे बस्तान बसले. त्या काळी बडोदा संस्थानाचा संघ देशातील मातब्बर संघांपैकी एक होता आणि विजय हजारे यांच्यासारखा फलंदाज त्या संघाचा कणा होता. अधिकारी अंगाने लहानखुरे होते. त्यांच्या फलंदाजीत ताकदीचे प्रदर्शन नसे. पावलांची चपळ हालचाल, फिरकी गोलंदाजीची अचूक पारख आणि शांत डोके, हे त्यांचे भांडवल होते. कव्हरच्या जागेवर उभे राहिल्यावर तर त्यांच्या हातून चेंडू सुटणे ही बातमी ठरावी, अशी त्यांच्या क्षेत्ररक्षणाची ख्याती होती.

मात्र ज्या वयात खेळाडू बहरतो, ते वय युद्धाने गिळले. ऑगस्ट १९३६ नंतर भारतीय संघाच्या वाट्याला पुढचा कसोटी सामना आला तो थेट जून १९४६ मध्ये. ही दहा वर्षे म्हणजे अधिकारींच्या सतराव्या वर्षापासून सव्विसाव्या वर्षापर्यंतचा काळ. दुसऱ्या महायुद्धाने लाखो घरांतून जे हिरावून नेले, त्यापुढे एका तरुणाचे हुकलेले सामने ही क्षुल्लक गोष्ट आहे, हे खरे. तरीही ज्याच्या पायांत बळ असते त्याला नुसती वाट पाहत बसणे किती जड जाते, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. भरती निघेल म्हणून वर्षानुवर्षे धावत राहिलेली आणि शेवटी वयाची अट ओलांडलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

अधिकारींनी भारतीय सैन्यात अधिकारी म्हणून सेवा पत्करली. आडनावाने अधिकारी आणि हुद्द्यानेही अधिकारी, असा तो योग होता. क्रिकेट हे त्या वेळी पोट भरण्याचे साधन नव्हते. कसोटी खेळाडूंनाही कोठे संस्थानाच्या, कोठे रेल्वेच्या, कोठे एखाद्या कंपनीच्या चाकरीवर संसार चालवावा लागे. सैन्याची नोकरी इतर नोकऱ्यांपेक्षा अधिक कडक. बदली होईल तेथे जायचे, रजा मिळाली तर खेळायचे, न मिळाल्यास संघ निघून गेल्याची बातमी वर्तमानपत्रात वाचायची. या चाकोरीत राहून त्यांनी २१ कसोटी सामने खेळले. चाकरीचे बंधन नसते तर हा आकडा किती वाढला असता, याचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. हा मार्ग त्यांनी स्वतः निवडला होता.

त्यांचे कसोटी पदार्पण झाले ते नोव्हेंबर १९४७ मध्ये, ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे. देश स्वतंत्र होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. फाळणीने माणसे, गावे, पलटणी वाटल्या गेल्या, तसा क्रिकेटचा संघही फुटला होता. फझल महमूद पाकिस्तानात राहिले. विजय मर्चंट आणि मुश्ताक अली यांच्यासारखे मोहरे दौऱ्यावर गेलेच नाहीत. लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र भारताचा पहिला संघ डॉन ब्रॅडमन यांच्या बलाढ्य संघापुढे उभा ठाकला. पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर पहिल्या डावात भारताच्या ५८ धावा झाल्या आणि दुसऱ्या डावात ९८. अठ्ठाविसाव्या वर्षी कसोटीत पाऊल टाकणाऱ्या अधिकारींचे स्वागत असे झाले. त्या मालिकेतील पाचही सामने ते खेळले. पैकी चार भारताने गमावले. ॲडलेडच्या सामन्यात हजारे यांनी दोन्ही डावांत शतके काढली, ही गोष्ट क्रिकेटच्या इतिहासात मानाने नोंदली गेली आहे. त्यातील दुसऱ्या शतकाच्या वेळी पलीकडच्या टोकाला खंबीरपणे उभे राहून अर्धशतक झळकाविणारे फलंदाज अधिकारी होते, हे मात्र फार थोड्यांना आठवते. दुसऱ्याच्या पराक्रमाला साथ देणे हाही पराक्रमच असतो. त्याची नोंद लहान अक्षरांत होते, इतकेच.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९४८ मध्ये, वेस्ट इंडीजचा संघ प्रथमच भारतात आला. दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावरील सामन्यात पाहुण्यांच्या चार फलंदाजांनी शतके काढली आणि संघाच्या धावा ६३१ झाल्या. एवढ्या डोंगराखाली कोणताही संघ चिरडून गेला असता. अधिकारी खालच्या क्रमांकावर आले आणि ११४ धावा काढून नाबाद राहिले. हे त्यांचे कसोटीतील एकमेव शतक. भारताला फॉलोऑन मिळाला, तरी सामना वाचला. शतक विजयासाठी कामी येते तेव्हा त्याचा गवगवा होतो. पराभव टाळण्यासाठी काढलेले शतक कित्येकदा विस्मृतीत जाते. अधिकारींच्या आयुष्यात बहुतेक वेळा दुसऱ्याच प्रकारचे काम आले.

आता आम्ही ज्या प्रसंगाकडे वळतो, त्याचा धागा आपल्या मराठवाड्यापर्यंत येऊन पोहोचतो. १९५२ च्या उन्हाळ्यात भारताचा संघ इंग्लंडला गेला होता. हजारे कर्णधार आणि अधिकारी उपकर्णधार. लीड्सच्या मैदानावर दुसऱ्या डावात एकही धाव होण्याआधी भारताचे चार गडी बाद झाले आणि मँचेस्टरला एकाच दिवसात भारताचे दोन डाव संपले. फ्रेड ट्रूमनच्या वेगापुढे आपले फलंदाज मागे सरतात, अशी हेटाळणी तेथील वृत्तपत्रांनी केली. ती जखम घेऊन संघ परतला आणि ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानचा संघ दिल्लीत दाखल झाला. पाकिस्तानचा हा पहिलावहिला कसोटी सामना. फाळणीला पाच वर्षे झाली होती आणि दोन्हीकडची दुःखे ताजी होती.

भारताचे नऊ गडी २६३ धावांवर बाद झाले तेव्हा अधिकारी खेळत होते आणि शेवटचा फलंदाज म्हणून गुलाम अहमद मैदानात उतरले. गुलाम अहमद हे हैदराबादचे फिरकी गोलंदाज. हैदराबादचे म्हणजे त्या वेळी आपल्याच राज्याचे, कारण १९५६ सालापर्यंत नांदेड हा हैदराबाद राज्याचा जिल्हा होता आणि लातूर त्याच राज्यातील उस्मानाबाद जिल्ह्याचा तालुका. १७ सप्टेंबर १९४८ चा मुक्तिदिन उलटून जेमतेम चार वर्षे झाली होती. रझाकारांच्या अत्याचारांच्या आठवणी घरोघरी होत्या; त्यानंतरच्या गोंधळात निरपराध मुसलमान कुटुंबांनी जे सोसले, त्याचेही व्रण होते. अशा काळात भारतीय सैन्यातील एक मराठी अधिकारी आणि हैदराबादचा एक मुसलमान गोलंदाज, पाकिस्तानविरुद्ध, भारतासाठी, एकमेकांच्या हाकेवर विश्वास ठेवून धावत होते. दोघांनी मिळून १०९ धावांची भर घातली. गुलाम अहमद यांनी अर्धशतक काढले. अधिकारी ८१ धावांवर नाबाद राहिले. भारताची धावसंख्या ३७२ झाली. मग विनू मंकड यांनी दोन्ही डावांत मिळून १३ गडी बाद केले आणि भारताने एक डाव व ७० धावांनी सामना जिंकला.

विजयाचे मानकरी मंकड ठरले आणि ते योग्यच झाले. परंतु शेवटच्या जोडीची ती १०९ धावांची भागीदारी भारतीय क्रिकेटमध्ये दहाव्या गड्यासाठी उच्चांक म्हणून अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. डिसेंबर २००४ मध्ये ढाक्याला सचिन तेंडुलकर आणि झहीर खान यांनी तो मोडला. तोवर अधिकारी हयात नव्हते. त्या भागीदारीतील धावांइतकेच आम्हांला तिच्यातील विश्वासाचे मोल वाटते. शेवटचा गडी मैदानात येतो तेव्हा वरच्या क्रमांकाचा फलंदाज बहुधा त्याला चेंडूपासून दूर ठेवतो, कारण त्याच्यावर त्याचा भरवसा नसतो. अकराव्या क्रमांकाचा माणूस पन्नास धावा काढतो याचा अर्थ असा की पलीकडच्याने त्याला खेळू दिले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या खेळूच दिले गेले नाही, त्या समाजाला या गोष्टीचे महत्त्व वेगळे पटवून देण्याची गरज नाही.

कसोटी सामन्यांच्या जोडीने अधिकारींचे दुसरे कार्य चालू होते. रणजी करंडक स्पर्धेत सेनादलाचा संघ उतरू लागला होता आणि अधिकारी त्याचे कर्णधार झाले. या संघाची अडचण ध्यानात घेण्यासारखी होती. मुंबई-बडोद्याचे खेळाडू एकाच शहरात वाढलेले, एकाच मैदानावर वर्षभर सराव करणारे. सेनादलाचे खेळाडू मात्र देशभरातील छावण्यांतून विखुरलेले. एकाची नेमणूक सीमेवर, दुसऱ्याची दक्षिणेत. भाषा निराळ्या, हुद्दे निराळे. छावणीत सलाम करणारा आणि सलाम स्वीकारणारा यांनी मैदानावर एकमेकांना बरोबरीने हाक मारायची होती. अशा संघाला अधिकारींनी १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी सलग दोन वर्षे रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले. पहिल्या वर्षी मुंबईने त्यांना हरविले आणि दुसऱ्या वर्षी, ज्या संघात ते स्वतः घडले होते, त्या बडोद्याने. सेनादलाला त्यानंतर आजपर्यंत रणजीचा अंतिम सामना गाठता आलेला नाही. दोन पराभवांत संपलेली ही कामगिरी किती मोठी होती, हे त्यावरून कळावे.

अधिकारींना भारताचे कर्णधारपद मिळाले ते एकाच सामन्यासाठी, आणि तेही अशा वेळी की ते पद कोणालाही नकोसे झाले होते. १९५८-५९ च्या हंगामात वेस्ट इंडीजचा संघ भारतात होता. वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट हे त्यांचे वेगवान गोलंदाज फलंदाजांच्या अंगावर येत होते. पाच सामन्यांपैकी मुंबईचा पहिला सामना अनिर्णित राहिला. कानपूर, कलकत्ता आणि मद्रास येथील तिन्ही सामने भारताने मोठ्या फरकाने गमावले. त्याहून लाजिरवाणा होता तो पडद्यामागील गोंधळ. पहिल्या सामन्यात पॉली उम्रीगर कर्णधार होते; दुसऱ्या-तिसऱ्यात गुलाम अहमद, तेच दिल्लीच्या भागीदारीतले. गुलाम अहमद यांनी पद सोडल्यावर ते पुन्हा उम्रीगरांकडे आले. परंतु संघात कोणाला घ्यायचे यावरून मतभेद होऊन सामन्याच्या आदल्या रात्री उम्रीगर पायउतार झाले आणि मद्रासला मंकड यांनी नेतृत्व केले. दिल्लीच्या पाचव्या सामन्यासाठी निवड समितीने चौथा कर्णधार शोधला. ते होते एकोणचाळीस वर्षांचे, तोवर संघाबाहेर असलेले, सैन्याच्या चाकरीत रमलेले लेफ्टनंट कर्नल अधिकारी.

अशा वेळी नकार देणे सोपे असते आणि शहाणपणाचेही ठरले असते. मालिका गेलेलीच होती. जिंकलो तर श्रेय नाही, हरलो तर पराभवाचा शेवटचा धनी आपण. अधिकारी उभे राहिले. पहिल्या डावात त्यांनी स्वतः ६३ धावा केल्या. पुण्याच्याच तरुण चंदू बोर्डे यांनी त्या सामन्यात १०९ आणि ९६ धावा काढल्या आणि नरी कॉन्ट्रॅक्टर यांनी ९२. भारताच्या ४१५ धावांना वेस्ट इंडीजने ८ बाद ६४४ असे उत्तर दिले. गोलंदाज थकले तेव्हा कर्णधाराने चेंडू स्वतःच्या हाती घेतला. आयुष्यभरात ज्यांनी कसोटीत एकही बळी मिळविलेला नव्हता, त्या अधिकारींनी आपल्या फिरकीवर तीन गडी बाद केले. दुसऱ्या डावात पुन्हा ४० धावा. सामना अनिर्णित राहिला आणि पडझड थांबली. पुढे इंग्लंडच्या दौऱ्यासाठी कर्णधार म्हणून दत्ताजीराव गायकवाड यांची निवड झाली. अधिकारी त्यानंतर कसोटी सामना खेळले नाहीत. २१ कसोटींत ८७२ धावा आणि ३ बळी, एवढीच त्यांची आकडेवारी. तिन्ही बळी त्या एकाच सामन्यातले.

एखाद्याचे चरित्र येथे संपले असते. आमच्या मते मात्र अधिकारींच्या आयुष्याचा महत्त्वाचा भाग येथून सुरू होतो. खेळणे थांबल्यावर ते शिकवू लागले. शालेय आणि तरुण खेळाडूंच्या प्रशिक्षण शिबिरांत त्यांनी कित्येक वर्षे घालविली. सुनील गावसकर, सय्यद किरमाणी, कपिल देव, रवी शास्त्री अशा पुढे नावारूपाला आलेल्या अनेकांना कोवळ्या वयात त्यांचे मार्गदर्शन लाभले. त्यांची शिस्त लष्करी होती. वेळेवर येणे, अंग मोडून धावणे, चेंडूच्या आड शरीर घालणे, यांत सूट नसे. त्या काळच्या आपल्या क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षण हे दुय्यम काम समजले जाई. नामांकित फलंदाज पायाजवळून जाणाऱ्या चेंडूला खुशाल वाट करून देत. अधिकारींना हे मान्य नव्हते. फलंदाजी आणि गोलंदाजी ही थोडीफार उपजत देणगी असेल. क्षेत्ररक्षण मात्र कष्टाने कोणालाही साधते, आणि जे कष्टाने साधते त्यात कमी पडणे हा दोष आहे, अशीच त्यांची शिकवण्याची रीत होती.

या शिकवणीचे फळ १९७१ साली दिसले. अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा अधिकारी संघाचे व्यवस्थापक होते. तेव्हा संघाला स्वतंत्र प्रशिक्षक नसत. व्यवस्थापकानेच ते पाहायचे. अधिकारींनी खेळाडूंकडून कसून व्यायाम आणि क्षेत्ररक्षणाचा सराव करून घेतला. २४ ऑगस्ट १९७१ रोजी ओव्हलच्या मैदानावर भारताने चार गडी राखून विजय मिळविला आणि इंग्लंडच्या भूमीवर प्रथमच मालिका जिंकली. इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत संपविणारे भागवत चंद्रशेखर यांचे ३८ धावांत ६ बळी सर्वांना ठाऊक आहेत. त्या बळींमागे फलंदाजाच्या अगदी तोंडासमोर उभे राहून अशक्य वाटणारे झेल घेणारे एकनाथ सोलकर होते. मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर मैदान राखणाऱ्या माळ्याचा हा मुलगा. ज्या पुण्यात बाळूंनी खेळपट्टीवर रूळ फिरविला, तेथून सत्तर-ऐंशी वर्षांत मैदान राखणाऱ्याचा मुलगा ओव्हलला देशाच्या विजयात उभा होता.

यशाची ही बाजू सांगितली, तशी दुसरीही सांगितली पाहिजे. १९७४ साली संघ पुन्हा इंग्लंडला गेला आणि व्यवस्थापक पुन्हा अधिकारीच होते. या वेळी तिन्ही कसोटी भारताने गमावल्या. लॉर्ड्सवर दुसरा डाव अवघ्या ४२ धावांत आटोपला. संघात एकोपा राहिला नव्हता आणि शिस्तीनेही तो आणता आला नाही. तोच माणूस, तीच शिस्त, जवळपास तेच खेळाडू. आणि तीन वर्षांत निकाल मात्र उलटा. चरित्र लिहिताना असे पान वगळण्याचा मोह होतो. आम्ही ते ठेवले, कारण शिस्त ही गुरुकिल्ली नव्हे, हे वसतिगृह चालविणाऱ्यांनी विसरू नये. माणसे एकमेकांसाठी उभी राहत नसतील तर घंटा वेळेवर वाजून काही होत नाही.

२५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, अधिकारींचे निधन झाले. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधील साडेआठ हजारांहून अधिक धावा, सैन्यातील सेवा आणि घडविलेली दोन पिढ्यांची मुले, एवढा त्यांचा वारसा.

पालकांच्या प्रश्नाकडे आता परत येऊ. खेळण्यात गेलेला वेळ मुलाच्या कोणत्या कामाला येतो? अधिकारींना खेळाने श्रीमंती दिली नाही. त्यांचा संसार सैन्याच्या पगारावर चालला. पण नऊ गडी गेल्यावर खेळत राहण्याची सवय, दुसऱ्याला खेळू देण्याची वृत्ती आणि नको असलेली जबाबदारी अंगावर घेण्याचे धैर्य, यांची तालीम त्यांना मैदानानेच दिली. भरतीच्या परीक्षेत यांना गुण नसतात. भरती झाल्यावर मात्र यांवाचून चालत नाही. न झाली तरी चालत नाही. वर्गातील शिक्षण मैदानासाठी बुडवावे, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला पहिला शब्द शिक्षण हाच आहे. मैदानाचा तास हा त्याच शिक्षणाचा तास आहे, एवढेच आमचे सांगणे आहे.

जन्माने लादलेली जागा आपल्या पूर्वजांनी सोडली, म्हणून आपण येथवर आलो. आता ज्या जागा आपण स्वतः स्वीकारतो, त्या आपण कशा सांभाळतो यावर पुढच्या पिढीचे भवितव्य ठरेल. आपले कितीतरी माजी विद्यार्थी आज सैन्यात, पोलिसांत, शाळांत, दवाखान्यांत आपापल्या जागी उभे आहेत. या स्मरणिकेला त्यांनी जाहिराती आणि देणग्या दिल्या, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. त्यांना आमची आणखी एक विनंती आहे. सुटीवर गावी याल तेव्हा एक सकाळ विद्यालयाच्या मैदानावर घालवा. मुले साडेपाचला मैदानावर असतात. त्यांना झेल घ्यायला, गोळा फेकायला, पडल्यावर उठायला शिकविणारे माणूस हवे आहे. अधिकारींनी निवृत्तीनंतर हेच काम केले, आणि त्यांच्या २१ कसोटींपेक्षा ते अधिक टिकले.